दहा सोमवारांच्या सह्या

फुएनसांताचं कोमट पाण्याशी वैर होतं. पाणी कढत असावं, नाहीतर गार असावं. कोमट पाणी म्हणजे कुणीतरी काम अर्ध्यात टाकून गेलंय, असं ती म्हणायची, आणि म्हणताना त्या माणसाचं नाव घ्यायची.

वय एकसष्ट. स्पेनमध्ये मूर्सियाच्या किनाऱ्यावर 'एल एस्पार्तो' नावाचं कॅम्पिंग आहे, तिथली न्हाणीघरं ती एकोणीस हिवाळे धुत आली होती. उन्हाळ्यात दुसऱ्या बायका असत. उन्हाळ्याचं गिऱ्हाईक आठवड्याचं, वाळूनं भरलेलं. त्याला न्हाणीघर म्हणजे पाय धुवायची जागा. हिवाळ्याचं गिऱ्हाईक वेगळं. नोव्हेंबरात उत्तरेकडून मोटारघरं येत, हॉलंडची, जर्मनीची, डेन्मार्कची, आणि मार्चपर्यंत जागची हलत नसत. आत सत्तरी गाठलेली जोडपी. त्यांना समुद्राचं कौतुक दोन दिवस. तिसऱ्या दिवसापासून ती माणसं झगा घालून, साबणाची पिशवी काखेत मारून न्हाणीघराच्या दारात उभी राहत, आणि तिथं जे दिसेल त्यावरून कॅम्पिंगची लायकी ठरवत. फुएनसांताच्या मते ती बरोबरच करत. समुद्र कुणी आणून ठेवला नव्हता, पाइनची झाडं आपली आपण वाढली होती. माणसाच्या हातचं असं तिथं न्हाणीघर तेवढं होतं.

तिची पद्धत ठरलेली. वरून खाली. आधी छत, मग फरशा, मग नळ, शेवटी जमीन. उलटं करणारीला ती एकदा सांगे. दुसऱ्यांदा तिच्या हातातलं फडकं काढून घेई. शॉवरच्या डोक्याला व्हिनेगरची पिशवी रबरानं बांधायची, क्षार सुटला की एकेक भोक टाचणीनं मोकळं करायचं. मोरीची जाळी उचलून आत कोपरापर्यंत हात घालायचा. "जाळीत हात घातला नाही तर न्हाणीघर धुतलं नाही, नुसतं ओलं केलं," ती नव्या बायकांना सांगे.

कॅम्पिंगला दोन न्हाणीघरं. खालचं समुद्राकडं. वरचं झाडीत, बारा शॉवर आणि दहा बेसिनांचं. हिवाळ्यात गाड्या कमी असल्या की वरचं बंद ठेवत. बंद ठेवायला तिची ना नव्हती. पण बंद ठेवायलाही मेहनत लागते. दर सोमवारी आत जायचं, बॉयलर साठच्या वर आहे ना बघायचं आणि बावीसच्या बावीस नळ एकेक करून सोडायचे. प्रत्येकी पाच मिनिटं. धारेत थर्मामीटर धरायचा, आकडा वहीत लिहायचा, पुढं सही करायची. कारण साचलेल्या कोमट पाण्यात एक जंतू धरतो. प्यायलं तर काही होत नाही. शॉवरच्या तुषारांतून श्वासाबरोबर छातीत उतरला की म्हातारं माणूस आठ दिवसांत आटपतं. वही आरोग्य खात्याची. पानांवर छापील आकडे, त्यामुळं पान फाडायची सोय नाही.

ऑक्टोबरात कॅम्पिंग सांभाळायला बोर्हा आला. मालकीण दोन्या आदेला खुब्याचं हाड मोडून शहरात मुलीकडं पडली होती, तिचा हा भाचा. एकोणतीस वर्षांचा, माद्रिदला हॉटेल चालवायचं शिक्षण घेतलेला. त्या शिक्षणात झाडू कोणत्या टोकाला धरतात ते सांगायचं राहून गेलं होतं. येईल त्या बाईला तो 'राणी' म्हणे आणि कुणाचंच बोलणं शेवटपर्यंत ऐकत नसे. आल्या आल्या त्यानं दारात दोन कुंड्या ठेवल्या आणि अर्धे दिवे काढून टाकले.

डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी तो वरच्या न्हाणीघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"फुएनसांता, राणी, हे बंद आहे ना? मग दोन तास आत काय करतेस?"

"नळ सोडते."

"कुणासाठी?"

"कुणासाठी नाही. पाण्यासाठी."

"इथं पावसाचा पत्ता नाही. पलीकडं लेट्यूसचे शेतकरी थेंबाथेंबावरून एकमेकांची डोकी फोडतात, आणि तू गरम पाणी गटारात ओततेस." तो हसला. "बंद म्हणजे बंद. चावी दे."

"नळ बंद केला की आतलं पाणी जातं कुठं, पोरा?"

"कुठंच नाही."

"तेच सांगतेय. कुठंच जात नाही."

पण चावी तिनं दिली. पुढं अडीच महिने तिला हेच टोचत राहिलं. मागितली म्हणून काढून दिली, जशी काही ती दाराची नव्हती, त्याच्या खिशाचीच होती. त्यानं वरचा बॉयलर चाळीसवर आणला. खालचाही उतरवला, सकाळी सातनंतर येणाऱ्याला अंगावर काटा येईल असं पाणी. गिऱ्हाइकं तक्रार करत ती फुएनसांताकडं, कारण तिथं तीच उभी असे. ऑफिसात बोर्हा कॉफी पाजून त्यांना वाटेला लावी.

आणि फेब्रुवारीत उत्तरेकडच्या एका मोठ्या मोटारघर क्लबाचं पत्र आलं. गुरुवारी परीक्षक येणार. हा क्लब दर वर्षी कॅम्पिंगांना चांदण्या देतो, आणि म्हातारी मंडळी त्या चांदण्या बघून ठरवतात की हिवाळा कुठं काढायचा. एल एस्पार्तोला चार चांदण्या होत्या. क्लबाच्या पुस्तकात छापलेलं होतं: दोन्ही न्हाणीघरं बारा महिने चालू.

बुधवारी सकाळी सहा वाजता बोर्हानं चावी आणून दिली.

"उद्या दहापर्यंत आरशासारखं करून दे. तुझ्याशिवाय कुणाला जमणार?"

तिनं दार उघडलं. आत बंद पेटीसारखा वास. कोळ्यांनी कोपरे भरून टाकले होते, खिडकीच्या फटीतून पाइनच्या सुया आत येऊन मोऱ्यांत कुजल्या होत्या. ते काही अवघड नव्हतं. कोळी आणि सुया हे हाताचं काम, आणि हात तिच्याकडं होते. दोन वाजेपर्यंत तिनं छत, फरशा, आरसे, दारं सगळं लखलखीत केलं. मग एका बेसिनचा नळ हळूच सोडला. आधी नुसती हवा फुसफुसली, मग विटकरी पाणी आलं, त्याला वास. तिनं तोंड बाजूला केलं आणि धारेत थर्मामीटर धरला. अडतीस. इतक्या उबेवर अंडीसुद्धा उबवता येतात. तिनं नळ बंद केला, दार बंद केलं आणि फडकं हातात तसंच घेऊन ऑफिसात गेली.

"बॉयलर सत्तरवर कर. तापला की सगळे नळ सोडायचे, शॉवरची डोकी काढून, आत कुणी नसताना. मग पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत. निकाल यायला दहाबारा दिवस. तोवर कुलूप."

"उद्या, फुएनसांता. ती बाई उद्या येतेय."

"मग उद्या तिला कुलूप दाखव."

बोर्हानं खण उघडून वही काढली. "याचंही बघून टाकू. डिसेंबरपासून मोकळी आहे. दहा सोमवार. साठ, एकसष्ट, एकोणसाठ असं जरा खालीवर लिही, सगळं सारखं नको दिसायला. आणि सही कर."

फुएनसांतानं वहीकडं पाहिलं. दहा ओळी. दहा मोकळ्या जागा सह्यांच्या.

तिच्या गल्लीत एन्कार्ना राहत होती. पाच वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात दोन म्हातारी माणसं छाती भरून गेली. चौकशी झाली तेव्हा मॅनेजर म्हणाला, मी वहीवर विश्वास ठेवला. वहीत सह्या एन्कार्नाच्या. बॉयलर महिनाभर बंद होता, तरी रोज साठ. तिला कुणी लिहायला लावलं हे सगळ्यांना माहीत होतं, पण कागदावर दुसऱ्या कुणाचं नाव नव्हतं. तीन वर्षं कोर्टात गेली. तुरुंग टळला. पण एन्कार्ना आजही गल्लीच्या तोंडावरच्या बेकरीत जात नाही. पाव आणायला चढ चढून वरच्या वाडीत जाते.

"मी सोमवारी आत गेले नाही," फुएनसांता म्हणाली. "तू जाऊ दिलं नाहीस."

"ही नुसती कागदाची बाब आहे."

"मग तूच कर सही."

"मी कसा करू? ते काम तुझं."

"कोणतं काम? मी केलंच नाही ते."

"फुएनसांता, बघ. तुला दर वर्षी ऑक्टोबरात बोलावणं जातं. ते आता मी पाठवणार."

"हो. आणि दर वर्षी मी येते, आणि जाळीत हात घालते." तिनं टेबलावरचं पेन उचलून त्याच्यासमोर धरलं. "घे. कागदाचीच बाब आहे ना? बोर्हा म्हणून लिही. दहा वेळा लिहिलंस तर हात झडणार नाही."

त्यानं पेन घेतलं. टोक आत-बाहेर, आत-बाहेर केलं. मग खाली ठेवलं आणि फोन उचलून कुणाशीतरी बोलू लागला. पलीकडून कुणी बोलत असल्याचं ऐकू येत नव्हतं. म्हणजे त्याला सगळं कळत होतं! अजाण असता तर तिनं एकवेळ माफ केलं असतं. कळत असून दुसऱ्याचा हात पुढं करायचा, याची तिला किळस आली. घरापर्यंत ती पायीच गेली, बससाठी थांबली नाही, कारण थांबणं तिला शक्य नव्हतं.

गुरुवारी सकाळी पावणेसातला ती आली तर वरच्या न्हाणीघरात दिवा लागलेला. दारावर रंगीत कागद: 'तुमच्या सोयीसाठी पुन्हा सुरू!' तसलाच कागद बोर्हानं प्रत्येक गाडीच्या काचेला लावला होता. तिसऱ्या शॉवरच्या दाराखाली रबरी चपला दिसत होत्या. त्या चपला तिच्या ओळखीच्या. हॉलंडचा सीत्से. अठ्ठ्याहत्तरचा, इथला नववा हिवाळा, छातीनं अधू. खालच्या न्हाणीघरापर्यंत चालताना दोनदा थांबायचा. त्याची गाडी वरच्या बाजूलाच होती.

तिनं मुठीनं दार ठोकलं. "आजोबा! नळाला हात लावू नका!"

"भरलंय!" आतून आवाज आला. सीत्सेचं स्पॅनिश नऊ वर्षांत फारसं पुढं सरकलं नव्हतं.

"मला ठाऊक आहे भरलंय. बाहेर या."

"बाई, मी कपडे काढलेत."

"मग घाला."

"आंघोळ झाली की घालतो."

"आजोबा, मी दार मोडीन. एकोणीस वर्षं मीच पुसतेय ते, मला माहीत आहे ते कुठं कच्चं आहे."

मग कडी निघाली. झग्याची गाठ बांधत सीत्से बाहेर आला, लाल होऊन. "नऊ वर्षांत असं कुणी वागलं नव्हतं माझ्याशी."

"पाणी साचलंय," ती म्हणाली. त्याला कळेल असे शब्द तिला शोधावे लागले. "बंद होतं. पाणी उभं. कोमट."

सीत्सेचा चेहरा बदलला. हा माणूस तरुणपणापासून निवृत्तीपर्यंत आपल्या मुलखातल्या पाणी उपसायच्या पंपांवर कामाला होता. उभ्या पाण्याबद्दल त्याला शिकवायची गरज नव्हती.

"किती आठवडे?"

"दहा."

"आणि तापमान?"

"अडतीस."

तो आपल्या भाषेत एक शब्द बोलला. तो शिवीच असणार. "हे कुणी उघडलं?"

"शिकलेल्यानं."

तिनं कोठीतून पाना आणला. कुलूप घालावं तर बोर्हा पुन्हा उघडणार. त्याच्याकडं दुसरी चावी होती. डोकी नसलेल्या शॉवरखाली मात्र कुणी उभं राहणार नाही. तिनं पहिल्या शॉवरच्या डोक्याला फडकं गुंडाळलं, वर पाना लावला आणि फिरवलं. सीत्सेनं बादली उचलली.

"द्या इकडं, मी धरतो."

"धरा. पण ठेवताना आपटू नका, क्रोम उडतं. आणि नाकाला रुमाल लावा."

झग्यातला म्हातारा बादली घेऊन तिच्या मागं मागं बारा शॉवर फिरला. सातवं डोकं क्षारानं घट्ट बसलं होतं. तिनं सगळं अंग पान्यावर टाकलं तेव्हा ते सुटलं. आठवं सहज निघालं. सगळी काढून झाल्यावर तिनं रंगीत कागदही काढला आणि चुरगळून बादलीत टाकला.

दहा वाजता बोर्हा परीक्षक बाईला घेऊन आला. बाईचं नाव उटा, हातात छापील यादी, पायांत पांढरे बूट. फुएनसांता दारात उभी होती. बाईनं तिला नमस्कार केला आणि कामाला लागली. आरसे किती. कपडे अडकवायचे हूक प्रत्येक दारामागं आहेत का, दोन की एक. साबण ठेवायची जागा. कागदाची गुंडाळी, आणि राखीव गुंडाळी. दारातल्या कुंड्या. ती यादीवर खुणा करत गेली, आणि बोर्हा तिच्या मागून मान डोलवत गेला, तो शॉवरपाशी येईपर्यंत.

"डोकी नाहीत," उटाबाई म्हणाल्या.

बोर्हानं एकदाच फुएनसांताकडं पाहिलं. तोंड मात्र त्याचं अडलं नाही. "क्षार काढायला घेतलीत. आम्ही फार काटेकोर आहोत."

"छान," बाई म्हणाल्या. "'देखभाल चालू' लिहिते." आणि खूण केली.

फुएनसांतानं बेसिनचा नळ बारीक सोडला, थर्मामीटर धारेत धरला आणि बाईच्या नाकासमोर आणला. "चाळीस. साठ पाहिजे. याला विचारा, दहा आठवडे इथं कोण आलं."

बोर्हा जर्मनमध्ये काहीतरी भरभर बोलला. उटाबाईंनी थर्मामीटर बघितला, मग आपली यादी बघितली. वरून खाली, मग पान उलटून. "पाण्याचं तापमान आमच्या यादीत नाही," त्या स्पॅनिशमध्ये म्हणाल्या, अगदी सभ्यपणे. "तो आरोग्य खात्याचा विषय. पण तुम्ही ठेवलंय फार स्वच्छ. इथं वासही किती छान येतो."

छान वास! फुएनसांताची कानशिलं तापली. वीस पानांची यादी करणाऱ्या माणसांना हूक दोन की एक याची चिंता होती. चार देशांतली म्हातारी माणसं या बाईच्या चांदण्यांवर भरवसा ठेवून हजारो किलोमीटर गाडी हाकत येतात, आणि ही बाई नळाला हात न लावता गावोगाव हिंडते. चांदण्या म्हणे! ज्याच्या अंगावर पाणी पडणार त्याला त्यातली एक तरी उपयोगी आहे का?

बाई गाडीत बसून गेल्या. चार चांदण्या राहणार होत्या. बोर्हाच्या चेहऱ्यावरून ते दिसत होतं. तो शीळ घालत ऑफिसात शिरला आणि दारातच थांबला. फुएनसांता त्याच्या खुर्चीवर बसली होती. पुढं वही उघडी. ती हळू लिहायची, अक्षर मोठं, पण एकदा लिहिलं की वाचता येणार नाही असं कधी नसे.

"काय करतेस?"

"तुझ्या दहा ओळी भरल्या. तूच सांगितलंस ना."

त्यानं वही ओढून घेतली. दहाही ओळींत एकच मजकूर. 'नळ सोडले नाहीत. चावी बोर्हाकडं.' शेवटच्या ओळीत भर: 'बुधवारी पाणी अडतीस.' आणि प्रत्येक ओळीपुढं आईबापांच्या दोन्ही आडनावांसह तिची पूर्ण सही.

"खोड हे."

"पेनानं लिहिलंय."

"वेडी झालीस? एप्रिलात आरोग्य खात्याचा माणूस येतो!"

"येतो ना. आणि त्याच्याजवळ थर्मामीटर असतो." ती उठली. "पान फाटत नाही. याच्याखाली अकरावी ओळ काय असेल ते आता तू ठरव. बॉयलर तापवला, नळ सोडले, नमुना पाठवला असं असेल, तर माणसं म्हणतील, चूक झाली पण निस्तरली. काहीच नसेल, तर दहा ओळी आहेतच."

"तुला ऑक्टोबरात बोलावणं येणार नाही."

"नको येऊ दे. आज फेब्रुवारी आहे."

बोर्हानं तंत्रज्ञाला फोन लावला. तो सोमवारआधी येणार नव्हता. दुसऱ्याला लावला, त्यानं उचललाच नाही. मग तो फुएनसांताकडं वळला, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडून 'राणी' आलं नाही.

"तूच कर ना. तुला येतं."

"मी दर सोमवारी करत होते. तू बंद केलंस, तू उघड."

बॉयलरची खोली वरच्या न्हाणीघराच्या मागं. बोर्हा पहिल्यांदाच आत गेला असावा. डोकं नळीला आपटलं. फुएनसांता दारात उभी राहून सांगत होती. "खाली. आणखी खाली. ते नव्हे, ते गॅसचं. त्याच्या उजवीकडं. फिरव. सत्तर." तिनं त्याला नाकातोंडाचा मास्क दिला, नाकावरची पट्टी नीट बसेपर्यंत दोनदा काढून पुन्हा लावायला लावला. पाणी तापायला तीन तास लागले. तोवर तिनं खालचं न्हाणीघर धुतलं, बारा डोकी व्हिनेगरमध्ये टाकली आणि टोमॅटो चोळलेला पाव खाल्ला. वरच्या न्हाणीघराच्या खिडक्या तिनं सताड उघडल्या आणि दारात दोरी बांधली. दोरीच्या अलीकडं सीत्सेनं आपली घडीची खुर्ची आणून मांडली. तिनं ती उचलून वीस पावलं लांब, वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेऊन ठेवली. तो निमूट जाऊन बसला.

पाच वाजायला आले होते. बोर्हा आत गेला. डोकं नसलेल्या नळीतून पाणी सरळ धारेनं मोरीत पडू लागलं, आधी विटकरी, मग पिवळं, मग स्वच्छ. वाफेनं काचा भरल्या. त्याची विजार गुडघ्यापर्यंत भिजली. फुएनसांता दोरीबाहेर वही घेऊन उभी.

"पहिला, साठ!" तो ओरडला.

ती मास्क लावून आत गेली, स्वतःचा थर्मामीटर धारेत धरला, पाऱ्याकडं पाहिलं, बाहेर आली आणि मग लिहिलं. दुसऱ्यालाही तसंच. तिसऱ्यालाही.

"प्रत्येक वेळी येणार आहेस का?" त्यानं विचारलं.

"सही माझी आहे."

पाचव्याला त्यानं घड्याळ पाहिलं. सहाव्याला मान खाली घातली आणि नळाखाली वाकला. आता तो मिनिटं मोजत होता, ते ओठांवरून कळत होतं. सातव्याला त्यानं थर्मामीटर दोनदा धारेत धरला.

"सत्तावन्न!" अखेर तो ओरडला. "फुएनसांता, सत्तावन्न चालेल?"

"सोड परत," ती म्हणाली.